पीसीचा पाया घालून दवाखान्यात रमलेला अभियंता

ज्या उद्योगाने पुढे अनेक अब्जाधीश घडविले, त्याचा पाया घालणारे एड रॉबर्ट्स यांनी मात्र वयाच्या पस्तिशीतच त्यातून निवृत्ती पत्करली. १९७७ मध्ये त्यांनी आपली 'मिट्स' ही कंपनी 'पर्टेक'ला सुमारे ६० लाख डॉलरना विकली आणि अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात शेतजमीन घेतली. वरवर पाहता हा निर्णय अनाकलनीय वाटतो. तथापि, त्यामागे कटू अनुभव होता.

अमेरिकी हवाई दलात काम केलेल्या रॉबर्ट्स यांची अल्बुकर्की येथील ही कंपनी कॅल्क्युलेटर बनवीत असे. चिप तयार करणाऱ्या बड्या कंपन्याच स्वस्त कॅल्क्युलेटर विकू लागल्या आणि १९७४ पर्यंत 'मिट्स' कर्जात बुडाली. अखेरचा उपाय म्हणून रॉबर्ट्स यांनी इंटेलच्या ८०८० चिपची घाऊक खरेदी केली. ३६० डॉलरची चिप त्यांना ७५ डॉलरला पडली. त्यामुळेच 'अल्टेअर ८८००' हा संगणक सुट्या भागांच्या संचरूपात ३९७ डॉलरना देणे शक्य झाले. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर तो झळकला. (छायाचित्रातील खोका प्रत्यक्षात रिकामाच होता, मूळ नमुना वाहतुकीत गहाळ झाला होता!) त्याला कीबोर्ड नव्हता, पडदाही नव्हता. खटके वरखाली करून आज्ञा द्यायच्या आणि दिव्यांच्या उघडझापीतून उत्तर वाचायचे. मेमरी अवघी २५६ बाइट. तरीही मागणीचा पूर लोटला. हा अंक पाहूनच बिल गेट्स व पॉल अॅलन यांनी अल्टेअरसाठी 'बेसिक' ही संगणकभाषा सिद्ध केली आणि मायक्रोसॉफ्टचा जन्म झाला.

मागणी पुरविताना कंपनीची दमछाक झाली. मेमरीचे बोर्ड सदोष निघाले, तर प्रतिस्पर्ध्यांनी अल्टेअरला जोडता येणारे बोर्ड बाजारात आणले. कॅल्क्युलेटरच्या धंद्यात पोळलेल्या रॉबर्ट्स यांना पुढचे चित्र दिसत असणार. व्यवस्थापनाच्या व्यापालाही ते विटले होते.

डॉक्टर होण्याची तरुणपणची इच्छा मात्र शिल्लक होती. चाळिशी उलटल्यावर त्यांनी मर्सर विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेतला आणि १९८६ मध्ये पदवी मिळविली. त्यानंतर कॉक्रन या छोट्या गावात त्यांनी अखेरपर्यंत रुग्णसेवा केली. १ एप्रिल २०१० रोजी वयाच्या ६८ व्या वर्षी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्याआधी काही दिवस गेट्स त्यांना भेटण्यासाठी रुग्णालयात येऊन गेले होते.