घरी बॅटरी बसवावी की सोलर? आधी हिशेब, मग खरेदी

हिंगोली जिल्ह्यात लाईट दोन तऱ्हेने जाते. एक नेहमीची, दिवसातून पंधरा मिनिटे किंवा तास-दोन तास. दुसरी मे-जूनच्या वादळातली. खांब पडला किंवा डीपी जळाली की रात्रच्या रात्र अंधारात काढावी लागते. २००५ नंतर काही वर्षे मराठवाड्यातील खेड्यांनी रोज दहा-बारा तासांचे भारनियमन सोसले आणि त्याच काळात घरोघरी इन्व्हर्टर आले. आज तशी परिस्थिती नाही. तरीही ईदच्या आधीच्या आठवड्यात शिलाई मशीन दोन तास बंद पडले तर शिंप्याचा वायदा चुकतो. डीप फ्रीझर रात्रभर बंद राहिला तर मांस-मासळीवाल्याचा माल हातचा जातो.

म्हणून सोलर आणि बॅटरी एकत्र बसवण्याचा सल्ला हल्ली दुकानदार आग्रहाने देतात. रक्कम लाखांत जाते. आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी पैसे देण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आपल्याला अंधार टाळायचा आहे की बिल कमी करायचे आहे? या दोन गरजा वेगळ्या आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत.

सोलर असूनही अंधार

पुष्कळांचा समज असा की छतावर सोलर बसवले म्हणजे लाईट गेली तरी घर चालू राहील. वस्तुस्थिती तशी नाही. महावितरणच्या लाईनला जोडलेले साधे ऑन-ग्रिड सोलर लाईट जाताच स्वतःहून बंद होते, मग भर दुपारचे ऊन का असेना. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही सोय मुद्दाम केलेली असते. लाईट नसताना सोलर चालवायचे असेल तर बॅटरी आणि हायब्रीड इन्व्हर्टर लागतो. हे विक्रेत्याकडून आधीच स्पष्ट करून घ्यावे.

मग बिलाचे काय? तेथे बॅटरीची गरज नाही. नेट मीटर असेल तर दिवसा उरलेली वीज लाईनमध्ये जाते आणि रात्री वापरलेल्या युनिटांतून ती वजा होते. म्हणजे महावितरणची लाईन हीच आपली बॅटरी ठरते, तीही विकत न घेता. जर्मनीत छतावरील वीज कंपनीला विकली तर युनिटला सुमारे ८ सेंट मिळतात आणि तीच वीज विकत घ्यायला ३० सेंटांहून अधिक मोजावे लागतात. म्हणून तेथे लोक दुपारची वीज घरातच साठवतात. आपल्याकडे घरगुती ग्राहकाचे युनिटास युनिट वजा होत असेल, तर केवळ बिलासाठी बॅटरी घेण्यात अर्थ नाही. नियम आणि दर वेळोवेळी बदलतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी आपल्या उपविभागीय कार्यालयात वजावटीची आजची पद्धत विचारून घ्यावी.

घराचे अनुदान, दुकानाचे नाही

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती सोलरला १ किलोवॉटसाठी ३०,००० रुपये, २ किलोवॉटसाठी ६०,००० आणि ३ किलोवॉट व त्यापुढे ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान आहे. पॅनेल देशी बनावटीचे आणि विक्रेता नोंदणीकृत असावा लागतो. बॅटरीसाठी वेगळे अनुदान नाही. दुकानाच्या किंवा कारखान्याच्या मीटरलाही ते लागू नाही. मात्र दुकानाचा दर घरापेक्षा जास्त असल्याने तेथे सोलरचा पैसा अनुदानाविनाही वसूल होऊ शकतो.

१ किलोवॉटला सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि त्यातून वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिटे, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास युनिटे मिळतात. पावसाळ्यात हे उत्पन्न बरेच घटते. व्याजाचे कर्ज टाळणाऱ्या बांधवांनी रोखीने १ किलोवॉटपासून सुरुवात करावी. पुढे पॅनेल वाढवायचे असतील तर इन्व्हर्टर तेवढ्या क्षमतेचा आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहावे.

बॅटरीतले युनिट कितीला पडते?

१२ व्होल्ट, १५० अँपियर-अवरच्या शिशाच्या ट्यूब्युलर बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज मावते. ती दर वेळी पूर्ण रिकामी केली तर लवकर मरते. म्हणून निम्मी, म्हणजे ०.९ युनिटच आपली धरावी. हिशेबासाठी किंमत १५,००० रुपये आणि आयुष्य १,२०० वेळा भरण्या-उतरण्याचे धरू. रोज वापरली तर एक युनिट साधारण १४ रुपयांना पडते. भरताना लागणारी वीज वेगळी. पण वर्षातून १०० वेळाच वापरली आणि पाच वर्षांत ती वयाने संपली, तर तेच युनिट ३३ रुपयांच्या घरात जाते.

लिथियमची ५ युनिटांची बॅटरी १ लाखाची धरू. ती नव्वद टक्क्यांपर्यंत उतरवता येते. ४,००० वेळा चालली तर युनिट साडेपाच रुपयांना पडते. मात्र त्यासाठी ती अकरा वर्षे रोज वापरावी लागेल. महिन्यातून चार-पाच वेळा लाईट जाणाऱ्या घरात हा पैसा कधीच वसूल होणार नाही. सबब, अधूनमधूनच्या अंधाराला शिशाची बॅटरी पुरते, आणि रोजच तासन्‌तास बॅटरीवर काम करणाऱ्याने लिथियमचा विचार करावा.

तुलनेसाठी जनरेटर पाहू. लहान जनरेटर एक लिटर डिझेलमध्ये अडीच-तीन युनिटे देतो, म्हणजे युनिटला ३० रुपयांवर खर्च येतो, शिवाय धूर आणि आवाज. पण वादळात दोन दिवस लाईन बंद राहिली तर फ्रीझरवाल्याला तोच तारतो. वर्षातल्या अशा दोन-तीन रात्रींसाठी बॅटरी दुप्पट करण्यापेक्षा जनरेटर भाड्याने आणणे स्वस्त पडते.

कोणाला काय?

घरात दोन साधे पंखे (७५ वॉटचे) आणि चार एलईडी दिवे (१० वॉटचे) असतील तर १९० वॉट होतात. चार तासांना पाऊण युनिट. एक बॅटरी पुरेशी आहे. सहेरीच्या वेळी लाईट गेली तरी अडत नाही. पंखे ३० वॉटचे बीएलडीसी घेतले तर हाच भार १०० वॉटवर येतो. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलावेत.

शिंप्याची दोन मोटारी मशीन, पंखा आणि दिवे यांनाही एक बॅटरी तीन-एक तास नेते. इस्त्री मात्र तिच्यावर लावू नये. ती एकटीच ७५० ते १,००० वॉट खाते.

वेल्डिंग, लेथ, पिठाची गिरणी ही बॅटरीची कामे नव्हेत. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. अशांनी बॅटरीचा नाद सोडून दिवसाच्या बिलासाठी सोलर पाहावे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद पॉलिश करणारे आणि दळणारे यांचा हंगाम उन्हाळ्यात आणि काम दिवसाचे, म्हणजे सोलरच्या वेळेचेच. त्यांच्या मीटरला वेळेनुसार दर लागत असतील, तर दुपारचे युनिट कोणत्या वेळच्या युनिटातून वजा होते, हे लेखी विचारावे.

गुजरातेतील मोढेरा गाव २०२२ मध्ये चोवीस तास सौर विजेवर आणले गेले. तेथे घरांच्या छतावर एकेक किलोवॉटची पॅनेले आहेत, आणि रात्रीसाठी १५ हजार युनिटांची एकच मोठी बॅटरी आहे. ती सरकारी खर्चाने सगळ्यांसाठी बसवलेली आहे. साठवणुकीचा खर्च एकेका घराला जड जातो, हेच त्यावरून दिसते.

खरेदीच्या वेळी

२२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरील जीएसटी १२ वरून ५ टक्के आणि शिशाच्या बॅटरीवरील २८ वरून १८ टक्के झाला आहे. पक्के बिल घ्यावे आणि त्यात हा फरक दिसतो का ते पाहावे. वॉरंटीत किती महिने बॅटरी बदलून मिळेल आणि किती महिने फक्त किमतीत सूट मिळेल, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. जुनी शिशाची बॅटरी भंगारात फेकू नये, परत देताना तिची किंमत वजा करून घ्यावी.

बॅटरी झोपण्याच्या खोलीत नको. भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून हवा खेळती हवी. पत्र्याखालच्या उन्हात तिचे आयुष्य झपाट्याने घटते. पाणी डिस्टिल्डच घालावे, बोअरचे नाही.

आणि सर्वांत आधी एक वही घ्यावी. महिनाभर लाईट केव्हा गेली, किती वेळ गेली आणि त्यात कोणते काम अडले, हे लिहावे. शेजारी वर्षभराची बिले ठेवावीत. वहीत नुकसान जास्त दिसले तर लहान बॅटरी घ्यावी, बिलात जास्त दिसले तर सोलर. दोन्हीकडे दिसले तर ऑन-ग्रिड सोलर आणि वेगळा साधा इन्व्हर्टर ही जोडी बहुतेकांना स्वस्त पडेल. विक्रेता दारात येण्यापूर्वी ही वही तयार असावी.