एचटीटीपीएस स्थलांतरानंतर जुन्या साइटमॅपची व्यवस्था

साइटमॅप म्हणजे संकेतस्थळावरील पृष्ठांच्या पत्त्यांची शोधयंत्रांसाठी केलेली सूची होय. ही पद्धती गूगलने २००५ मध्ये सुरू केली. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर नेल्यानंतरही जुन्या सूचीत एचटीटीपीचेच पत्ते राहिल्यास शोधयंत्रास परस्परविरोधी संकेत मिळतात. म्हणून प्रथम प्रत्येक जुना पत्ता ३०१ या कायमस्वरूपी पुनर्निर्देशनाने नव्या पत्त्याशी जोडावा. त्यानंतर केवळ एचटीटीपीएस पत्त्यांची नवी सूची सादर करून रोबोट्स फाइलमधील तिचा उल्लेखही बदलावा. सर्च कन्सोलमधून जुनी सूची काढली, तरी गूगल तिच्यातील पत्ते विसरत नाही. नव्या पत्त्यांची नोंद झाल्यावर ती सर्व्हरवरूनच हटवावी. पुनर्निर्देशने मात्र कायम ठेवावीत. कारण सूची बदलता येते, शोधनिबंधांच्या संदर्भसूचीत छापले गेलेले जुने पत्ते बदलता येत नाहीत.