कर जास्त, शिक्षण उणे

गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी निरनिराळ्या सरकारी शाळा ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. कायद्याने दार उघडले. पण गरिबीने ते पुन्हा कसे लोटून घेतले, ही हकिकत मला त्या निकालाइतकीच मोलाची वाटते.

टेक्सासमधील सॅन अँटोनियो हे शहर. तेथे एजवुड ही कष्टकऱ्यांची वस्ती. शाळेतील दहांपैकी नऊ मुले मेक्सिकन वंशाची. जवळच अलामो हाइट्स, गोऱ्या सुखवस्तूंचा भाग. शहरातल्या कित्येक चांगल्या वस्त्यांत काळ्यांना वा मेक्सिकनांना घर विकू नये, अशा अटीच पूर्वी खरेदीखतांत असत!

शाळांचा बराच खर्च स्थानिक मालमत्ता-करातून चाले. १९६७-६८ साली एजवुडने शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे १ डॉलर ५ सेंट कर बसविला; अलामो हाइट्सने अवघे ८५ सेंट. आणि उत्पन्न? एजवुडला दर मुलामागे २६ डॉलर, अलामो हाइट्सला ३३३! गरिबाच्या घराला किंमत ती केवढी? सरकारी मदत धरूनही आकडे राहिले ३५६ आणि ५९४.

मे १९६८ मध्ये एजवुडची सुमारे चारशे मुले वर्गांतून बाहेर पडली. त्यांना शिकविता येणारे शिक्षक हवे होते. पत्र्याचे काम करणारे दिमेत्रिओ रोद्रिगेझ यांनी इतर पालकांसह दावा लावला. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. शिक्षण हा देशाच्या घटनेने दिलेला हक्क नव्हे, असे म्हणून! विरोधी मत देणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते. १९५४ चा खटला वकील म्हणून लढविणारे तेच. पुढे १९८९ साली टेक्सासच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत राज्याच्या घटनेविरुद्ध ठरविली. तोवर संप करणाऱ्या मुलांची मुले शाळेत जाऊ लागली होती.

हे वाचताना मला जोतीराव फुले आठवतात. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. त्याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे गाऱ्हाणे मांडले, की शेतकऱ्याच्या घामातून जमलेला सारा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्ची पडतो. शाळेत कोणाला घेतात एवढेच पाहून भागत नाही. कर कोण भरतो आणि तो कोणाच्या मुलावर खर्च होतो, ही वहीही उघडून पाहावी लागते.