खेड्यांतील पूर्वजांचा शोध

श्राद्धाच्या दिवशीं पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचीं नांवें उच्चारलीं जातात. त्यापलीकडचें नांव बहुतेक घरांत कोणासच ठाऊक नसतें. दीडशें वर्षांपूर्वीं काटोल किंवा उमरेडकडील एखाद्या खेड्यांत नांदलेला शेतकरी आज या सीमेपलीकडे गेलेला आहे. त्याच्या कुटुंबाचा माग काढावयाचा झाल्यास आधार कशाचा घ्यावा?

ख्रिस्ती समाजांत या प्रश्नाचें उत्तर बरेंच सोपें आहे. देवळाच्या दफनवहींत मृताचें नांव व तारीख लिहिलेली असते आणि थडग्यावर शिला असते. इंग्रजी अमदानींत येथील अशा नोंदींच्या प्रती विलायतेस जात. त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्यें नागपुरास आले. टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें, म्हणजे हजारों वर्षांपूर्वींचीं दफनस्थानें, पाहून परततांना ४ सप्टेंबर १८६३ रोजीं ते पुराच्या पाण्यांत बुडून वारले. त्यांचा मृत्युदिन आज कोणासहि सांगतां येतो. मध्यप्रांत व वऱ्हाडांतील अशा थडग्यांवरील लेखांची यादी क्रॉफ्टन यांनीं केली व ती १९३२ मध्यें प्रसिद्ध झाली.

मराठी खेड्यांत देह अग्नीस दिला जातो आणि अस्थि नदींत सोडल्या जातात. गोंड, लिंगायत, गोसावी इत्यादि ज्या समाजांत पुरण्याची चाल आहे, तेथेंहि दफनाची वही कोणी ठेवीत नसे. मृताची जागा अशी नाहींशी होते. परंतु मृत्यूची वर्दी मात्र मागें राहते. ती राहते गांवच्या कोतवालाच्या पुस्तकांत.

भोसल्यांचें राज्य १८५४ मध्यें खालसा झालें व १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला. या प्रांतांत गांवांतील जन्ममृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यावर पोंचविण्याचें काम कोतवालाकडे असे. हा गांवचा रखवालदार. नागपूरकडे बहुधा महार. पुष्कळदां त्याला स्वतःला लिहितां येत नसे. तो वर्दी आणी आणि लिहिणारा हात दुसऱ्याचा असे. हेंच पुस्तक विदर्भांत आजहि ‘कोतवाल बुक’ या नांवानें ओळखलें जातें.

त्यांत तारीख, नांव, बापाचें किंवा नवऱ्याचें नांव, जाति, वय व मृत्यूचें कारण अशा गोष्टी आढळतात. कारण म्हणून ‘ताप’ हा शब्द वारंवार येतो. कारण ज्या दुखण्याचें नांव ठाऊक नसे, तें सारें तापांत जमा होई. आडनांव पुष्कळदां नसतें. म्हणून शोधास निघणाऱ्यानें आडनांवापेक्षां गांव, बापाचें नांव व जाति या तीन खुणा धरून चालावें.

उदाहरणार्थ, १९११ मध्यें वारलेल्या पुरुषाचें वय सत्तर लिहिलें असेल, तर त्याचा जन्म १८४१ च्या सुमारास, म्हणजे भोसल्यांच्या राज्यांत, झाला असें निघतें. मात्र वयें अंदाजानें, साठ-सत्तर अशा गोळा आंकड्यांत सांगितलीं जात. यास्तव पांच-दहा वर्षांचा फरक धरावा. त्यानंतर त्याच गांवचीं मागचीं पुढचीं पानें पाहावीं. ‘अमक्याची बायको’, ‘अमक्याची मुलगी’ अशा नोंदींवरून घर हळूहळू उभें राहतें. ज्या स्त्रिया व तान्हीं मुलें वंशावळींत कधींच येत नाहींत, तीं येथें भेटतात. १८९७ व १९०० चे दुष्काळ आणि १९१८ च्या शरदांतील इन्फ्लुएन्झाची सांथ या काळच्या पानांवर एकाच घरच्या नोंदी किती जवळजवळ येतात, तेंहि पाहावें.

पडताळ्याचीं साधनें आणखीहि आहेत. घरांत श्राद्धाची तिथि ठाऊक असते, परंतु वर्ष ठाऊक नसतें. पुस्तकांत तारीख व वर्ष असतें, परंतु तिथि नसते. जुन्या पंचांगावरून दोहोंचा मेळ बसला, तर माणूस तोच असण्याचा संभव पुष्कळ वाढतो. १७२८ ते १८८९ या काळासाठीं बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री उपयोगी पडते. जमीन कसणाऱ्यांचीं नांवें बंदोबस्ताच्या मिसलींत सांपडतात. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस गेलेल्याच्या पुत्रपौत्रांचीं नांवें असतात. यांपैकीं कांहीं लेखन मोडी लिपींत असल्यानें वाचणारा जाणकार सोबत असावा.

हा शोध केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. अनुसूचित जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजीं व अनुसूचित जमातींचा ६ सप्टेंबर १९५० रोजीं निघाला. जातीच्या दाखल्याची पडताळणी होतांना त्या तारखांपूर्वींच्या कागदांस विशेष वजन असतें. पणजोबाच्या मृत्यूपुढें लिहिलेल्या एका शब्दावर पणतूचा महाविद्यालयांतील प्रवेश किंवा नोकरी अवलंबून राहते. ज्याच्या पूर्वजांजवळ ना शेत होतें ना सनद, त्याला हीच नोंद आधार. म्हणूनच या पुस्तकांत मागाहून शब्द घुसडण्याचे प्रकारहि होतात व पडताळणी करणारे शाई आणि अक्षर बारकाईनें पाहतात. खोटा शब्द घालणारा स्वतःचा लाभ पाहतो; पण त्या पानाबद्दल संशय उत्पन्न झाला कीं त्यावरील दुसऱ्या घरांचा खरा पुरावाहि दुबळा होतो.

वाळवी आणि ओल यांनीं कित्येक गांवांचीं पुस्तकें आधींच नेलीं आहेत. जीं उरलीं आहेत, त्यांची नक्कल तहसील कचेरींत रीतसर अर्ज करून मिळवावी आणि मूळ पानास कोणी हात लावूं नये. त्यापूर्वीं करावयाचें काम घरांतच आहे. वडीलधारीं माणसें आहेत तोंवर मूळ गांव, श्राद्धाच्या तिथि आणि आजीपणजीचीं माहेरचीं नांवें विचारून लिहून ठेवावीं. गांवाचें नांवच हरवलें, तर कोतवालानें ठाण्यापर्यंत पायीं नेलेली ती वर्दी कोणत्या पुस्तकांत पाहावी, हें सांगणारा कोणी उरत नाहीं.