पाठीवरचा कोंडा आणि पोळी-दूध

काळ्याभोर डॅशहुंडच्या पाठीवर पांढरा भुगा दिसू लागला, की घरात सल्ल्यांना ऊत येतो. आजी खोबरेलाची बाटली काढते, शेजारी कडुनिंबाचा पाला आणून देतात आणि कुणीतरी स्वतःचाच कोंड्याचा शाम्पू घेऊन कुत्र्याला न्हाणीघरात ओढतो. हेतू सगळ्यांचाच चांगला, पण त्यातला शाम्पू बहुधा दुखणं वाढवतो.

माणसाच्या त्वचेचा पीएच 5च्या आसपास असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी. कुत्र्याचा 7च्या आसपास किंवा थोडा वर. शिवाय कुत्र्याची बाह्यत्वचा फारच पातळ, जेमतेम 3 ते 5 पेशींच्या थरांची. माणसाची 10 ते 15 थरांची. कुत्र्याच्या या पेशी साधारण 3 आठवड्यांत बदलतात. ही अदलाबदल घाईनं होऊ लागली, की मृत पेशींचे पापुद्रे केसांत साचतात. तोच कोंडा.

पण कोंडा हा रोग नव्हे, लक्षण आहे. शेपटीच्या बुडाशी सतत चावत असेल, तर आधी पिसवा शोधाव्यात. पंजे चाटणं, कान खाजवणं सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू झालं, तर अ‍ॅलर्जीचा संशय घ्यावा. पग आणि शिह् त्झूमध्ये ती बरीच आढळते. अंग तेलकट आणि वास कुबट असेल, तर मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट वाढलेलं असू शकतं. आणि पाठीवरचा कोंडा चक्क हलताना दिसला, तर तो नुसता कोंडा नाही. कायलेटिएला नावाच्या किडीमुळे पापुद्रे सरकतात, आणि ही कीड कुत्र्याला कुशीत घेणाऱ्यालाही खाज आणते.

मराठी घरांत आणखी एक कारण समोरच्या ताटलीत असतं. पोळी-दूध, दूध-भात, वरण-भात. त्यावर कुत्रं जगतं, पण त्वचेला लागणारी स्निग्धाम्लं आणि जस्त त्यातून पुरेसं मिळत नाही. वर धान्यातलं फायटेट, आहे ते जस्तही बांधून ठेवतं. केस निस्तेज, अंगावर खवले, अशी कुत्री केवळ तेल चोळून बरी करण्याचा किती वेळा प्रयत्न होतो! इथे खरा घरगुती उपाय ताटलीतच आहे: संतुलित आहार, आणि जोडीला मीठ-मसाला न घालता उकडलेली, काटे काढलेली तारली किंवा बांगडा. या माशांत ओमेगा-3 भरपूर असतं. शाकाहारी घरांत जवसाची पूड देतात. ती वाईट नाही, पण जवसातल्या ओमेगा-3चं उपयोगी रूपांतर कुत्र्याच्या शरीरात फार थोडं होतं. मासे घातले तरी फरक दिसायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. आठवड्याभरात निकाल मागणाऱ्यांची इथेच निराशा होते.

बाहेरून करण्याच्या उपायांत ओट्स सर्वांत भरवशाचे. साधे, बिनसाखरेचे, बिनमसाल्याचे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक दळून कोमट पाण्यात कालवायचे आणि ते पाणी दहा मिनिटं अंगावर मुरू द्यायचं. ओट्समधली अ‍ॅव्हेनान्थ्रामाइड नावाची द्रव्यं खाज आणि दाह कमी करतात. नंतर अंग नीट कोरडं करायला हवं, विशेषतः पावसाळ्यात. पॉमेरेनियनच्या दाट केसांखाली ओल राहिली, तर यीस्टला आयतंच फावतं.

खोबरेलाचं कौतुक मात्र थोडं जास्तच होतं. कोरड्या जागी दोन थेंब ठीक. पण कुत्रं ते चाटणार, जास्त पोटात गेलं की जुलाब होणार, आणि तेलकट त्वचेवर तर ते नकोच. कोरफडीचा पारदर्शक गर थंडावा देतो, मात्र सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात.

खरा धोका ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निरुपद्रवी’ या समजुतीत आहे. तीन-चार किलोच्या कुत्र्याच्या कातडीचं क्षेत्रफळ वजनाच्या मानानं मोठं असतं; चोळलेलं बरंच कातडीतून आणि चाटण्यातून आत जातं. शुद्ध टी ट्री तेलामुळे आजारी पडलेल्या कुत्र्या-मांजरांची 443 प्रकरणं अमेरिकेतल्या एका अभ्यासात 2014 साली मांडली गेली: लाळ गळणं, अशक्तपणा, तोल जाणं, थरथर. कापराचं तेलही तितकंच टाळण्याजोगं. पिसवांसाठी लसूण खाऊ घालणं रक्तातल्या तांबड्या पेशींवर बेततं. लूत लागलेल्या कुत्र्याला गॅरेजमधलं जळकं ऑइल किंवा रॉकेल फासण्याचा प्रकार तर उपचार नव्हे, विषप्रयोग आहे.

केस गोल चकत्यांनी गळत असतील, कातडी ओली-लाल झाली असेल किंवा खाजेमुळे रात्रीची झोप मोडत असेल, तर घरगुती प्रयोग थांबवून पशुवैद्याकडे जावं. जाण्याआधी दोन दिवस आंघोळ घालू नये, तेलही लावू नये. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची असते, आणि तेलापाण्यानं पुरावाच धुऊन जातो. आतापर्यंत काय काय चोळलं, ते डॉक्टरांना न लाजता सांगावं.