भाषा अनेक, अडचण कोणती?

भैंसा येथील आपल्या घरांतले मूल घरी मराठी बोलते, बाजारात हिंदी-उर्दू ऐकते आणि शाळेत तेलुगू व इंग्रजी शिकते. तिसरीतही ते अडखळत वाचू लागले, की आपण म्हणतो, "भाषा फार झाल्या, येईल हळूहळू." हे पुष्कळदा खरेही असते. पण जेव्हा खरे नसते, तेव्हा मुलाची मोलाची वर्षे वाट पाहण्यात जातात. मग फरक ओळखावा कसा?

वाचणे म्हणजे कानावर पडणारा ध्वनी आणि डोळ्यांना दिसणारी खूण यांची सांगड. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चारात मात्र 'क्' आधी येतो. 'सूर्य' या शब्दात 'र' रफार होऊन 'य'च्या डोक्यावर बसतो. तेलुगूत 'र' जागेवर राहतो आणि 'य' त्याच्या पायाशी जातो. दोन लिप्या शिकणारे मूल इथे गोंधळतेच, आणि तो गोंधळ सरावाने सुटतो.

डिस्लेक्सियाचे मूळ याहून खोल असते. बुद्धी चांगली, दृष्टी व श्रवण ठीक. तरी शब्दातले ध्वनी सुटे करणे, ते मनात धरणे आणि चटकन आठवणे जड जाते. म्हणून ही अडचण मायबोलीतही दिसते. पुस्तक बाजूला ठेवून विचारावे : 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरेल? 'पाटी'शी यमक जुळणारा शब्द कोणता? अनेकदा खेळूनही पहिली-दुसरीतल्या मुलाला हे जमत नसेल, तर तज्ज्ञांकडे न्यावे. हा खेळ म्हणजे निदान नव्हे. ती केवळ सूचना आहे.

तपासणी मराठीतूनही व्हावी, असा आग्रह धरावा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या 'डाली' चाचण्या मराठीतही आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' मान्य केली असून परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयींची तरतूद त्यात आहे. आपल्यासारख्या बहुभाषी गावात ही शेवटची सोय विशेष महत्त्वाची.

मात्र शाळेची भाषा यावी म्हणून घरातली मराठी बंद करू नये. आजीच्या गोष्टी, उखाणे, बडबडगीते यांतून मुलाचा कान तयार होतो. आणि मुलाला 'आळशी' म्हणण्यापूर्वी, त्याला नेमके काय अडते, ते मराठीत विचारावे.