ख्रिस्ती उन्हाळी शिबिरे आणि मुलांचे स्वत्व

मूल घरी एक असते, शाळेत दुसरे असते आणि पाहुण्यांसमोर तिसरेच असते. घरी ते कुणाचे तरी धाकटे भावंड असते. शाळेत त्याचा परीक्षेतला नंबर ठरलेला असतो. वस्तीत वडिलांच्या नोकरीवरून त्याची ओळख होते. या सर्व ओळखी बाजूला ठेवल्यावर उरतो तो 'मी' कोण, हे पाहण्याची सवड मुलाला कुठे मिळते? अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळींनी सुमारे दीडशे वर्षे चालविलेली उन्हाळी शिबिरे म्हणजे या प्रश्नाचे एक उत्तर होय. मुलांची शिबिरे भरविणाऱ्या प्रत्येक संस्थेने ते समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

दुसऱ्या धर्माच्या मंडळींकडून काय शिकायचे, असा प्रश्न कुणी विचारील. लंडनमध्ये १८४४ साली तरुणांसाठी वायएमसीए ही ख्रिस्ती संस्था स्थापन झाली. तिचाच नमुना समोर ठेवून कोलंबोतील बौद्ध मंडळींनी १८९८ साली वायएमबीए काढली. चांगली रीत कुठूनही घ्यावी, ती पारखून मात्र घ्यावी.

शिबिरांची सुरुवात

अमेरिकेत शाळांना उन्हाळ्यात दोन-अडीच महिने सुट्टी असते. १८८० साली जॉर्ज हिंकली या धर्मोपदेशकाने काही मुलांना ऱ्होड आयलंड राज्यातील एका बेटावर मुक्कामाला नेले. पुढच्याच वर्षी अर्नेस्ट बाल्च या तरुणाने न्यू हॅम्पशायरमधील स्क्वाम सरोवरातल्या बेटावर 'कॅम्प चोकोरुआ' सुरू केला. श्रीमंतांची मुले सुट्टीत आईवडिलांबरोबर हॉटेलांत राहून आळशी आणि परावलंबी होतात, हे त्याला खटकत होते. त्याने नियम केला की येथे नोकर असणार नाहीत. स्वयंपाक करणे, भांडी घासणे, होड्यांची निगा राखणे ही सारी कामे मुलांनीच करायची. झाडांच्या सावलीत त्यांनी उघड्यावरचे प्रार्थनास्थळही तयार केले. १८८५ साली वायएमसीएचे कार्यकर्ते समनर डडली यांनी सुरू केलेले शिबिर 'कॅम्प डडली' या नावाने आजही चालू आहे. 'आधी दुसरा' असे त्याचे ब्रीद आहे.

मुलाचे स्वत्व कसे खुलते?

अशा शिबिरात साधारणतः आठ-दहा मुले एका लाकडी खोलीत राहतात. त्यांच्याबरोबर महाविद्यालयीन वयाचा एक गटप्रमुख असतो. आपल्याकडील शिबिरांत ज्यांना ताई किंवा दादा म्हणतात, तसाच हा. सकाळी घंटा, अंथरूण आवरणे, छोटी प्रार्थना; मग पोहणे, होडी वल्हविणे, डोंगर चढणे; दुपारी विश्रांती आणि घरी पत्र लिहिणे; रात्री शेकोटी. कार्यक्रम साधाच आहे, पण त्याची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे.

पहिली गोष्ट अशी की, येथे मुलाची जुनी ओळख पोहोचत नाही. वर्गात 'ढ' ठरलेल्या मुलाला होडी उत्तम वल्हवता येते, हे इथे दिसते आणि त्यालाही ते प्रथमच कळते. दुसरी गोष्ट श्रमाची. ज्याच्या घरी नोकर आहेत आणि ज्याच्या घरी नाहीत, ते दोघे शेजारी उभे राहून ताटे धुतात. तिथे मोठेपणाचा आव टिकत नाही आणि कमीपणाची लाजही उरत नाही.

तिसरी गोष्ट हसण्याची. शेकोटीभोवती गटप्रमुख स्वतःच वेडीवाकडी सोंगे काढतात. मोठी माणसे आपल्यावर हसू देतात हे पाहिले, म्हणजे मुलाची 'लोक हसतील' ही भीती ओसरते. मग एरवी गप्प बसणारी मुलगीही अंधारात दोन शब्द बोलते.

चौथी गोष्ट शिकवणुकीची. ईश्वराचे प्रेम मिळवावे लागत नाही, तू आहेस तसाच त्याला प्रिय आहेस, असे तेथे मुलांना सांगतात. ईश्वर मानावा की मानू नये हा वेगळा प्रश्न आहे. पण 'तुझी किंमत तुझ्या गुणपत्रिकेवर अवलंबून नाही' हे वाक्य मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकण्याची गरज प्रत्येक मुलाला असते.

सर्वांना दार उघडे होते का?

नव्हते. प्रेमाची शिकवण देणाऱ्या अनेक शिबिरांत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता. तेव्हा मॅसेच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डचे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक विल्यम डीबेरी यांनी १९२१ साली आपल्या मुलांसाठी वेगळे शिबिर उभारले. पुढे ते 'कॅम्प ॲटवॉटर' म्हणून प्रसिद्ध झाले. ज्या मुलाला दुकानात, बसमध्ये, शाळेत सतत सावध राहावे लागते, त्याला निदान काही दिवस सावधपणा उतरवून ठेवता येईल अशी जागा हवी असते. तिचे मोल आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

धोके कोणते?

शिबिराच्या शेवटच्या रात्री भावना उचंबळलेल्या असतात. त्या क्षणी काही ठिकाणी मुलांना उभे राहून श्रद्धा जाहीर करण्याचे आवाहन करतात. शेजारचे उभे राहिले म्हणून मूलही उभे राहते. ही त्याची श्रद्धा नव्हे, तो नवा मुखवटा होय. 'मला अजून ठाऊक नाही' असे म्हणण्याची मोकळीक जिथे नाही, तिथे स्वत्वाची भाषा पोकळ ठरते.

दुसरा धोका याहून भयंकर आहे. इंग्लंडमध्ये काही ख्रिस्ती शिबिरांच्या विश्वस्तांचा प्रमुख राहिलेल्या एका बॅरिस्टरने अनेक मुलांना व तरुणांना अमानुष मारहाण केली होती. चर्चमधील काहींना ते १९८२ पासून माहीत असूनही प्रकरण दडपले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याच महिन्यात कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. घरापासून दूर मोकळे झालेले मूल तितकेच असुरक्षितही असते. म्हणून कोणताही मोठा माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटा असू नये, मुलाला घरी केव्हाही बोलता यावे आणि त्याची तक्रार ऐकणारी व्यक्ती शिबिर चालविणाऱ्यांपैकी नसावी. संस्थेच्या नावापेक्षा मूल मोठे मानले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी अनेकजण शिबिरांतले ताई-दादा होतील. त्या वेळी भाषणे थोडी कमी ठेवा. भांडी सर्वांनी मिळून घासा, आपल्यावर हसू द्या आणि गप्प बसलेल्या मुलाशेजारी जाऊन बसा. ते बोलू लागले की त्याला आपल्या साच्यात बसवू नका. ते कोण आहे, हे आधी त्यालाच सांगू द्या.